बँडमास्तरांच्या कोटाचा खिसा

पांढऱ्या कपड्यांना नीळ घालून घालून जिची बोटं कायमची निळी झाली, तिला लोक नीळबाई म्हणणार नाहीत तर काय म्हणतील? खरं नाव काय, ते तिच्या नवऱ्यालासुद्धा डोकं खाजवूनच आठवलं असतं. धुलाईचं काम सासूपासून चालत आलेलं. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मधल्या खोलीत गाठोडी, मागच्या दारी भट्टी आणि धुण्याचा दगड, आणि त्याच्या पुढं अंगणभर दोऱ्या. तिच्या दोरीवरची चादर बगळ्यानं पाहिली तर तो लाजून दुसरीकडं जाऊन उभा राहील, असं नीळबाई म्हणायची. गल्लीत हे खोडून काढायची कुणाची छाती नव्हती.

तिचे नियम दोनच. दिलेल्या वेळेला कपडा पोचलाच पाहिजे, आणि गिऱ्हाईकाचा कपडा घरातल्या कुणी अंगाला लावता कामा नये. पोटचा पोरगा एकदा गिऱ्हाईकाचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून मित्राच्या लग्नाला निघाला होता. नीळबाईनं त्याला भर रस्त्यात गाठून शर्ट उतरवून घेतला होता. बिचारा बनियनवर घरी आला. आता तो बापही झालाय आणि सायकलवरून कपडे पोचवतो, पण पट्ट्यांचा शर्ट दिसला की अजून मान फिरवतो.

अशा बाईच्या घरात पाखरांचं राज्य यायचं काही कारण नव्हतं. ते आणलं म्हातारबानं. म्हातारबा म्हणजे तिचा नवरा. त्याची पाठ धरली, ओली गाठोडी उचलणं बंद झालं, आणि रिकामा माणूस मागच्या बागेत शिरला. दोऱ्या संपतात तिथून ही बाग सुरू होते. म्हातारबा तिला बाग म्हणायचा, नीळबाई माजलेलं रान म्हणायची आणि दोरीच्या पलीकडं पाऊल टाकायची नाही.

म्हातारबानं तिथं काय केलं? खरं म्हणजे काहीच केलं नाही, आणि तेच नीळबाईला खुपायचं. पानं पडली तर झाडली नाहीत. गवत वाढलं तर वाढू दिलं. लिंबाची पानं अळ्यांनी चाळणीसारखी केली तर म्हणाला, "खाऊ दे की. आपल्याला लिंबं लागतात किती?" शेवटच्या खळबळलेल्या, बिनसाबणाच्या पाण्याला त्यानं चर काढून दिला आणि पुढं उथळ खड्डा केला. झालं. मधमाश्या आल्या, चिमण्या आल्या, खारी आल्या. फुटकं मडकं पालथं घातलं, त्याखाली एक भेक, म्हणजे भला थोरला बेडूक, येऊन राहिला. एका सकाळी तो नीळबाईच्या टबात सापडला.

"अहो," तिनं तिथूनच हाक मारली, "तुमचे पाहुणे आंघोळीला आलेत. साबण देऊ का पाठ चोळून देऊ?"

"पाठ माझी दुखतेय," म्हातारबा म्हणाला, "त्याची नाही." आणि भेकाला ओंजळीत उचलून घेऊन गेला.

इथपर्यंत सगळं तोंडातोंडीच चाललं होतं. घोडं अडलं तुतीपाशी.

तुतीचं झाड बागेच्या तोंडाशी होतं, दोऱ्यांना अगदी खेटून. यंदा ते असं लगडलं की फांद्या वाकल्या, आणि गावातल्या साऱ्या बुलबुलांना कुणी आवतण धाडल्यासारखं झालं. पाखरं दिवसभर काळ्या तुती खायची आणि खाऊन झालं की दोरीवर येऊन बसायची. पुढचं सांगायला नको. विश्रामगृहाच्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर जांभळे ठिपके! नीळबाईनं त्या चादरी पुन्हा भट्टीत घातल्या, पुन्हा नीळ केली, पुन्हा वाळत टाकल्या, आणि दुपारपर्यंत पुन्हा ठिपके.

"खायचं झाडावर आणि हात पुसायचे माझ्या चादरीला," ती कडाडली. "बस झालं. हा बहार सरला की तुती तोडायची."

म्हातारबानं वाद घातला नाही. तो तुतीच्या बुंध्याला टेकून बसला आणि हातातला चहा गार झाला तरी प्यायला नाही. सुनेनं खिडकीतून ते पाहिलं आणि इस्त्री जरा जोरात आपटली. सून कामाला वाघीण आणि बोलायला मोजकी. पण तिची इस्त्री कशी आपटते त्यावरून घराला तिचं मत कळायचं.

बहार सरेपर्यंत बुजगावणं उभं करायचं ठरलं. नीळबाईनं आधी म्हातारबाचा जुना सदरा बांबूला चढवला. एक बुलबुल आला आणि त्याच सदऱ्याच्या खांद्यावर बसून तुती खाऊ लागला. बरोबरच होतं. ज्या माणसाला घरातली मांजर भीत नाही, त्याच्या सदऱ्याला पाखरू कशाला भिईल? दरारा असलेला कपडा पाहिजे होता.

आणि तसा एक कपडा मधल्या खोलीत टांगलेला होता. बँडमास्तरांचा कोट. काळाभोर लोकरीचा, मागं दोन शेपट्या, पुढं पितळी बटणांच्या दोन रांगा. वाजवणाऱ्यांसमोर उभे राहून मास्तर हा कोट घालून हात वर करत तेव्हा टाउन हॉलमधली तान्ही पोरंसुद्धा रडायची थांबत. मास्तर सध्या लेकीकडं परगावी होते आणि बहार संपल्याशिवाय परतणार नव्हते. कोटाला ब्रश झाला होता, कॉलर पुसून झाली होती. राहिला होता फक्त डांबरगोळ्यांचा वास. तो जायला कोट सावलीत हवेवर टाकायलाच हवा होता.

नीळबाईनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. "गिऱ्हाईकाचा कपडा अंगाला लावायचा नाही असा नियम आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "बांबूला लावायचा नाही असं कुठं आहे?"

दोरीच्या अलीकडूनच हात लांबवून तिनं कोट तुतीखाली उभा केला. आडव्या बांबूनं बाह्या वर झालेल्या. वर मडक्याचं डोकं. नीळबाईनं बोट बुडवून त्यावर निळीचे डोळे काढले, नाक काढलं आणि हात लागलाच होता म्हणून झुबकेदार मिश्याही काढल्या.

"आई," सून म्हणाली, "हे बँडमास्तरांसारखं दिसतंय."

"मिशीवाला कुणीही तसाच दिसतो. तू कॉलरी बघ."

पण उपाय लागू पडला. बुलबुल परसाच्या पार टोकाच्या फांद्यांवर सरकले, चादरी पांढऱ्या राहिल्या. नीळबाई दोऱ्यांमधून अशी चालू लागली जशी काही लढाईच जिंकून आली. सकाळी ती कपडे वाळत घालायची तेव्हा कुठूनतरी एक पाखरू फार सुरेख शीळ घालायचं. लांब, वळणावळणाची शीळ. तिचे हात त्या तालावर चिमटे लावायचे. हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तिला सांगायला कोण जाणार?

म्हातारबानं मधेच एकदा बुजगावण्याचं तोंड थोडं फिरवून ठेवलं. "का हो?" नीळबाईनं विचारलं. "वाऱ्यानं कलंडत होतं," तो म्हणाला. सुनेची इस्त्री त्या दिवशी अगदी हळुवार चालली होती. नीळबाईनं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आणि एका सकाळी पुढच्या दारात बँडमास्तर उभे! उंच, काटकुळे, मिश्यांना तेल लावलेलं.

"लवकर आलात मास्तर," नीळबाई म्हणाली. आवाजाची घडी तिनं मोडू दिली नाही.

"यावं लागलं. उद्या संध्याकाळी टाउन हॉलमधे आमचा कार्यक्रम ठरलाय. कोट तयार आहे ना? त्याच्याशिवाय माझे हात वर जात नाहीत, बाई. सवय म्हणा, खुळ म्हणा."

"माझ्याकडचा कपडा तयार नाही असं कधी झालंय? आज संध्याकाळी इस्त्री करून घरपोच येईल. शब्द दिला."

मास्तर गेले. नीळबाई तडक मागच्या दारी निघाली. तिला येताना बघून म्हातारबा पालथ्या टबावरून उठला आणि हात पसरून बुजगावण्याच्या पुढं उभा राहिला. आता दोन बुजगावणी दिसू लागली.

"सरका."

"अगं, कोट काढू नकोस."

"गिऱ्हाईक दारात येऊन गेलं. शब्द दिलाय मी."

"मला एकदा विचारायचं तरी."

"माझ्या कामात तुम्हाला विचारत बसले असते तर लोक अजून मळक्या चादरीवर झोपले असते. सरका म्हणते ना."

तो सरकला. नीळबाईनं आयुष्यात पहिल्यांदा दोरीच्या पलीकडं पाय टाकला. गवत घोट्याला लागलं. तिनं वळसा घालून कोट काढायला बाजूच्या खिशापाशी हात घातला, आणि खिशातून एक राखाडी डोकं वर आलं.

दयाळाची मादी होती. ती उडाली नाही. तिनं नीळबाईकडं रोखून पाहिलं, चोच उघडली आणि असा काही चर्रर्र आवाज काढला की नीळबाईचा हात जागच्या जागी थिजला. तिच्या तोंडावर असं बोलायची ताकद तिच्या सासूनंतर कुणी दाखवली नव्हती.

"मलाच?" नीळबाई म्हणाली. "माझ्या दारात, मला?"

पाखरानं आणखी चार शब्द सुनावले, मग भुर्रकन फांदीवर जाऊन तिथून सुनावायला लागलं. नीळबाईनं खिशात डोकावलं. मुळ्या, काड्या, सुनेच्या शिवणयंत्राखालचे दोरे, आणि त्या सगळ्याच्या मधोमध अंडी. शेवटच्या पाण्यात नीळ सोडली की जो रंग येतो, नेमका तोच हिरवट निळा रंग. वर तपकिरी ठिपके.

तिनं वाकून आणखी जवळून बघितलं. मग म्हणाली, "रंग बरा उतरलाय. डाग तेवढे राहिलेत."

सून दारात येऊन उभी होती. 

"तुम्हाला दोघांना माहीत होतं," नीळबाई वळून म्हणाली. दोघंही एकदम तुतीकडं बघायला लागले. "घरात माझ्या पाठीमागं बाळंतपण चाललंय आणि मला पत्ता नाही."

"कोट काढायचा का आई?" सुनेनं विचारलं.

आता इथं खरी पंचाईत होती. कोट काढावा तर पाखराचा संसार मोडतो. नाही काढावा तर शब्द मोडतो, आणि शब्द मोडलेल्या धोबिणीला कोण विचारतो? रस्त्यापलीकडं मशीनवर कपडे धुऊन देणारा एक जण तर टपूनच बसला होता. नीळबाईनं एकदा खिशाकडं पाहिलं, एकदा फांदीवरच्या भांडखोर बयेकडं.

"काढायचा नाही," ती म्हणाली. "अंडं फुटलं तर त्याचा डाग लोकरीतून निघत नाही. माझ्या हातून डाग लागलेला कपडा जायचा नाही."

"हो ना," म्हातारबा लगबगीनं म्हणाला, "डागाचं फार वाईट."

"तुम्ही बोलू नका. तुमचा लग्नातला कोट कुठाय?"

तो ट्रंकेत होता. काळाच, जाड लोकरीचा, आणि नीळबाईनं ठेवलेला म्हणजे काल शिवल्यासारखा. म्हातारबा लग्नात चांगला आडवा होता, म्हणून कोट ऐसपैस. सुनेनं तो टेबलावर पसरला.

"याला शेपट्या नाहीत, आई. आणि मास्तर लोकांकडं पाठ करून उभे राहतात. सगळ्यांना शेपट्याच तर दिसतात."

"मग लाव शेपट्या. घरात काळी छत्री आहे ना, तारा मोडलेली?"

सुनेनं छत्रीचं कापड उसवलं आणि यंत्रावर बसली. खांदे आत घेतले, कंबर आवळली, शेपट्या जोडल्या. छत्रीचं कापड रेशमासारखं चकाकत होतं. आता राहिली पितळी बटणं. त्यांच्यावर बँडची खूण होती, ती नसती तर मास्तरांनी कोट ओळखलाच नसता. आणि बटणं होती खिशाच्या वर, दयाळणीच्या नाकासमोर.

नीळबाई कात्री घेऊन गेली. बाई पुन्हा अंड्यांवर येऊन बसली होती. चर्रर्र. नीळबाई मागं सरली. दुसऱ्या बाजूनं गेली. चर्रर्र. शेवटी कात्री कमरेला खोचून तिनं पालथ्या टबावर बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. तो रोज तिथंच चहा प्यायचा, आणि पाखरं त्याच्या पायांजवळून किडे टिपून न्यायची. त्याला कुणी काही म्हणायचं नाही.

नवऱ्याकडं काही मागायची नीळबाईला सवय नव्हती. तिनं कात्री त्याच्यापुढं धरली.

"अहो," ती म्हणाली, "तेवढी बटणं काढून द्या."

म्हातारबानं कात्री घेतली, धार बघितली, आणि मांडीवर ठेवून दिली.

"तुती राहणार का?"

"बघू."

त्यानं कात्री टबावर ठेवली आणि चहाचा घोट घेतला. असा माणूस! इतकी वर्षं गाय म्हणून बांधलेला, आज शिंगं दाखवायला लागला.

"राहील," नीळबाई म्हणाली. "पण मग माझ्या चादरींचं काय? त्या मी डोक्यावर वाळवू?"

"दोरी तिकडं बांध. स्वयंपाकघराच्या मागं. ऊन तिकडं जास्त आहे, वाराही आहे."

"ही दोरी माझ्या सासूनं बांधलेली आहे."

"तेव्हा तुती नव्हती. आणि ही जागा तिला तरी कुठं आवडायची? माझ्या वडिलांनी हट्टानं खुंट्या ठोकल्या, म्हणून ती गप्प बसली."

नीळबाईला हे नवीन होतं. सासू आणि गप्प? ती हसली नाही, पण तोंड पुसायच्या निमित्तानं तिनं पदर ओठावर धरला. "काढा बटणं," ती म्हणाली.

म्हातारबा उठला. काहीतरी गुणगुणत, घाई न करता, त्यानं एकेक टाका कापला. दयाळणीनं मान वाकडी करून त्याचं काम बघितलं आणि डोळे अर्धे मिटले. नीळबाई दोरीपाशी उभी राहून बघत होती. जिला हात लावायची आपली हिंमत झाली नाही तिच्याजवळ हा माणूस असा उभा आहे, याचं तिला कुठंतरी बरं वाटलं. मग तिलाच त्याचा राग आला आणि ती मोठ्यानं म्हणाली, "बटण गवतात पाडू नका."

शेवटचं बटण लागत होतं तेवढ्यात पुढचं दार वाजलं. मास्तरांना धीर निघाला नव्हता, ते स्वतःच कोट न्यायला आले होते. सून यंत्रावर, मुलगा सायकलवर, अडवायला कुणी नाही. हाका मारत मारत ते मधल्या खोलीतून सरळ मागच्या दारी आले आणि थांबले.

समोर तुतीखाली ते स्वतःच उभे होते. हात वर, शेपट्या वाऱ्यावर, मडक्यावर निळ्या मिश्या.

"हे कोण?" मास्तरांनी विचारलं.

"बुजगावणं," नीळबाई म्हणाली.

"याला मिश्या का आहेत?"

"बुजगावण्याला असतात."

"आणि कोट? बाई, हा माझा कोट आहे. तुम्ही माझ्या कोटाचं..." त्यांच्या मिश्या थरथरल्या. "पाखरं घाबरवायला?"

आता मात्र नीळबाईनं मान ताठ केली. "घाबरवायला लावला होता, खोटं कशाला बोलू? पण तुमच्या कोटाला सगळेच घाबरले नाहीत, मास्तर. उलट एक बाई पोटुशी होती, तिला सगळ्या बागेत तुमचाच खिसा भरवशाचा वाटला. या, बघा."

मास्तर रागानंच पुढं झाले. आणि त्याच वेळी मडक्याच्या डोक्यावर तिचा काळापांढरा नर येऊन बसला. शेपूट उभी केली, छाती फुगवली आणि शीळ घातली. रोज सकाळी नीळबाईचे चिमटे ज्या तालावर चालायचे, तीच शीळ.

मास्तरांचं एक बोट आपोआप वर गेलं. त्यांनी पूर्ण शीळ ऐकून घेतली. मग ओठ गोल करून तीच वळणं तशीच्या तशी परत वाजवली. नरानं मान तिरकी केली, विचार केला आणि शेवटचं वळण बदलून उत्तर दिलं.

"सुधारलं," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "त्यानं माझं सुधारलं." त्यांनी खिशात डोकावलं, आणि पाय न वाजवता ते दोन पावलं मागं सरकले.

सून नवा कोट घेऊन आली. मास्तरांनी तो घातला. पितळी बटणं लावली आणि सवयीनं हात वर केले. हात थेट आभाळापर्यंत गेले. त्यांनी खाली आणले, पुन्हा वर केले.

"काखेत काचत नाही," ते नवलानं म्हणाले. "तो कोट नेहमी काखेत काचायचा. मला वाटायचं, माझे हातच तेवढे वर जातात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीळबाईचं सगळं घर टाउन हॉलमधे पहिल्या रांगेत होतं. मास्तरांनी हात वर केले, छत्रीच्या शेपट्या ताठ उभ्या राहिल्या, आणि सून पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मास्तर थेट मडक्यावरच्या दयाळासारखे दिसत होते. वाजवणारे त्या दिवशी काय वाजवत होते कोण जाणे, पण शेवटी मास्तरांनी क्लॅरिनेटवाल्याला खूण केली आणि एक लांब, वळणावळणाची धून आली. नीळबाईची बोटं मांडीवर चालू लागली. म्हातारबानं ते पाहिलं आणि शहाण्यासारखं समोर बघितलं.

दोरी स्वयंपाकघराच्या मागं गेली. कपडे तिथं भराभर वाळतात, हे नीळबाईनं आठवडाभर कबूल केलं नाही, आणि मग गल्लीला असं सांगितलं की जागा तिनंच शोधली. खिशात पिल्लं निघाली. मास्तर रोज सकाळी म्हातारबाशेजारी दुसऱ्या पालथ्या टबावर बसून चहा प्यायला लागले. त्यांच्या शिळा चालायच्या, पिल्लांच्या चोची चालायच्या, आणि आतून सगळ्यांच्या वर नीळबाईचा आवाज यायचा, "टब मला लागणार आहेत, म्हटलं सांगून ठेवावं."

पिल्लं उडाली त्या दिवशी तिनं मास्तरांना म्हटलं, "आता कोट स्वच्छ करून देते. खिसा नवा लावावा लागेल."

"नको बाई," मास्तर म्हणाले. "मला हा नवाच बरा. तो असू दे तिथंच. पुढच्या वर्षी परत आली तर?"

गल्लीतल्या एका बाईनं मग खोचकपणे विचारलंच. "का हो नीळबाई, मास्तरांचा कोट शेवटी दिलाच नाहीत म्हणे? तुमच्याकडं असं कधी झालं नव्हतं."

"पोचला की," नीळबाई म्हणाली. "ज्याचा होता त्याला पोचला."

आणि ती मागच्या दारी गेली. खिशाचं तोंड मिटल्यासारखं झालं होतं. ती दोऱ्यांच्या जुन्या खुंट्या ओलांडून गवतात शिरली, कमरेचा चिमटा काढला आणि खिशाची कड बांबूला लावून तोंड नीट उघडं केलं. वर फांदीवरून कुणीतरी चर्रर्र केलं.

"ऐकू येतंय," नीळबाई म्हणाली. "बहिरी नाही मी."